काळ्या वाळूचं मडकं

डोळे मिटा पाहू. तुमच्या हातात खापराचा एक तुकडा आहे, बिस्किटाएवढा. एका अंगानं काजळी धरलेली. मोडलेल्या कडेत बारीक काळी वाळू चमकतेय. अशी वाळू ना इथल्या नदीत, ना डोंगरात, ती समुद्रापलीकडची. मग हजारो वर्षांपूर्वी कुणाचं तरी रोजचं जेवण शिजवणारं हे मडकं इथे आलं कसं?

खारूताईची मावशी जुनी गावं उकरून काढायची. ती म्हणायची, किमती सुरई कुणी भेट म्हणूनही आणेल, पण काजळीचं मडकं माणसाबरोबरच येतं. म्हणजे लांबचे व्यापारी इथे चूल मांडून राहिले होते. हे पटवता आलं तरच तिनं उकरलेला खड्डा वाचणार होता. नाहीतर आज तो बुजवून वरून रस्ता जाणार होता.

सकाळी मावशी रस्त्याच्या साहेबांना आणायला गेली, आणि खारूताईनं मदत केली. सगळ्या टोपल्यांतली खापरं धुतली, उन्हात रंगवार मांडली. तांबडी, राखाडी, काळी. कोणती टोपली किती खोलीवरची, हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून तिनं त्या वेगळ्या रचून ठेवल्या.

मावशी साहेबांना घेऊन परतली. आता कोणता तुकडा किती खोलीवरचा, हे सांगायला खूणच उरली नव्हती. रागावली नाही. मटकन खाली बसली, आणि तेच वाईट होतं.

साहेब तसे भले. त्यांनी तुकडा उलटसुलट पाहिला. वाळू परकी असेलही, म्हणाले, पण हा तळातून निघाला की वरच्या कचऱ्यातून?

"तळातून. मी माझ्या हातानं काढलाय."

"बाई, पुरावा म्हणून तुमचा हात मी वरच्या साहेबांकडे कसा पाठवू?"

साहेबांनी मान हलवली. माती लोटणारं यंत्र घरघरलं आणि मातीचा पहिला ढीग खड्ड्याच्या दूरच्या कोपऱ्यात कोसळला.

"मावशी, मी परत लावून देते ना."

"काय लावणार, बाळा? सगळं मुसळ केरात गेलं."

खारूताईनं खड्ड्यात वाकून पाहिलं. काल तळाजवळच्या भिंतीतून एक मोडकं खापर डोकावत होतं. तिनं ओढायला हात घातला, तर मावशीनं चापट मारली होती: भिंतीतलं ओढायचं नसतं, ते आपल्या जागी राहू द्यायचं.

ते अजून आपल्या जागीच होतं. त्याच्याही कडेत काळी वाळू चमकत होती. धुतलेला एखादा तुकडा त्याला जुळला, तर तो तळातलाच ठरणार होता.

तिनं काळ्या रांगेतले तुकडे फ्रॉकच्या ओच्यात भरले. यंत्रवाल्यासमोर एक हात उंच धरला. तो थांबल्यावर शिडीवरून खाली उतरली, आणि एकेक तुकड्याची मोडकी कड भिंतीतल्या कडेला लावून पाहू लागली.