घरच्या जिल्ह्यात बदली

सख्ख्या भावासाठी तुरुंग निवडताना कृष्णकांतने सगळ्यात आधी रजेचे नियम पाहिले. छत्तीस वर्षं सरकारी कार्यालयात काढून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस दुसरं काय पाहणार?

त्याचा धाकटा भाऊ मुकुंद याने २००९ साली सौंसरजवळच्या घरच्या संत्र्याच्या बागेत शेजारी धोंडबाचा खून केला. वाद सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा होता. हत्यार म्हणजे लोखंडी पाइपचा तुकडा, घाव दोन. सौंसर नागपूरहून दीड तासावर आहे, पण मध्य प्रदेशात. त्यामुळे खटला तिकडे चालला, जन्मठेप तिकडे लागली आणि मुकुंद तिकडच्याच तुरुंगात गेला.

खुनाचा धक्का घरच्यांनी पचवला. कृष्णकांतला पचत नव्हता तो परराज्यातला तुरुंग. अर्ज हिंदीत करायचा, भेटीला जायचं तर एसटीने सीमा ओलांडायची, आणि लग्नाकार्यात कोणी विचारलं तर गावाचं नाव सांगायचं. त्याने एका लांब कागदावर दोन रकाने आखले. एका बाजूला मध्य प्रदेश, एका बाजूला महाराष्ट्र. तिकडे एकाच प्रकारची रजा. इकडे फर्लो वेगळी आणि पॅरोल वेगळा, म्हणजे दोन रजा. दोन ही संख्या एकापेक्षा मोठी असल्याने निर्णय झाला.

मुकुंदला नागपूरला हलवण्याच्या अर्जात आईचं वय आणि आजारपण लिहिलं होतं. पण तेवढ्याने फाइल हलणार नाही, असं अनुभवी कृष्णकांतला वाटलं. त्याने प्रतिज्ञापत्र जोडलं: मयताच्या नातेवाइकांकडून माझ्या भावाच्या जिवास सदर तुरुंगात गंभीर धोका आहे. तीन वर्षांनी, २०१५ साली, मुकुंद नागपूरला आला. ज्येष्ठ नागरिक मंडळात कृष्णकांतने पेढे वाटले नाहीत इतकंच. "बदली करून आणली. घरच्या जिल्ह्यात," असं तो सांगे, आणि लोक आपापले पेन्शनचे अडलेले अर्ज घेऊन त्याच्याकडे येऊ लागले.

दोन रजांपैकी दहा वर्षांत एक मिळाली, तीही आई गेल्यानंतर. प्रत्येक अर्ज मत मागवायला भोपाळला जात असे आणि मत येईपर्यंत कारण संपलेलं असे. माणूस सुटतो कधी, याचा रकाना कृष्णकांतने आखलाच नव्हता.

हे उघडकीला आणलं बाबारावने. ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी तो मुकुंदच्या घराचा पत्ता विचारत त्रिमूर्तीनगरात आला. मुकुंदची बायको हिमानी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तिने दार उघडलं. आत कृष्णकांत पेपर वाचत बसला होता.

"वहिनी, मी बाबाराव. मुकुंदभाऊच्या बराकीतला. तिकडचा. भाऊ कुठी गेले?"

"जेलमध्ये आहेत," हिमानी म्हणाली. "आणखी कुठे जाणार?"

बाबाराव उंबऱ्यावरच थांबला. "काहून? मी तर पंधरा ऑगस्टले सुटलो. आमची शिक्षा एकाच महिन्यातली. मले वाटलं, भाऊ माह्या आधी घरी आले असन."

"सुटलात? किती वर्षांनी?"

"खरी चौदा झाली पाहिजे, शिक्षेतली माफी धरून वीस. वागणूक चांगली असन तर नाव यादीत चढते. माहं एक साल उशिरा चढलं, मोबाइल सापडला होता ना. भाऊ तर गायीवाणी माणूस. भजनात पेटी वाजवत."

कृष्णकांतने पेपर खाली ठेवला. "तुमची केस वेगळी असेल."

"वेगळीच हाय साहेब. मी मेव्हण्याले कुऱ्हाडीनं मारलं, मुकुंदभाऊनं पाइपानं. कुऱ्हाडीले जास्त सूट हाय काय?"

"इकडचे नियम कडक आहेत," कृष्णकांत म्हणाला. जणू तो शहराचा एखादा मानबिंदू सांगत होता. "हेतू, पूर्वतयारी, क्रौर्य, सगळ्याची छाननी होते. मग बावीस, चोवीस, सव्वीस वर्षं, अशी वर्गवारी लागते. उगाच कोणालाही सोडत नाहीत."

"बरोबर हाय," बाबाराव म्हणाला. "मंग त्याले इकडे आणलं कोणं?"

हिमानीने कृष्णकांतकडे पाहिलं. कृष्णकांतने पेपर परत उचलला.

ती दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून अरुंधती वकिलांकडे गेली. अरुंधतीबाईंनी निकालाची प्रत आणि बदलीचा आदेश वाचला आणि चष्मा काढला.

"आधी एक ऐका. बावीस-चोवीस वर्षं तुमच्या नवऱ्याला लागूच नाहीत. शिक्षा ज्या राज्यात झाली त्या राज्याने सोडायचं. माणूस कुठल्या तुरुंगात बसलाय याचा संबंध नाही."

"मग सुटले का नाहीत?"

"नावं सुचवतं कोण? तुरुंग. तिकडचा तुरुंग तिथल्या कैद्यांची यादी करतो, त्यात हे नाहीत, कारण ते इथे आहेत. इथला तुरुंग इथल्या शिक्षांची यादी करतो, त्यातही हे नाहीत, कारण शिक्षा तिथली. दोन्ही याद्या बिनचूक आहेत."

उपाय दोन होते. इथून भोपाळला लिहायचं आणि वाट पाहायची. कागद दोन राज्यांत किती फेऱ्या मारेल याची हमी नाही. किंवा मुकुंदला परत पाठवा असा अर्ज करायचा. तिकडे पोचला की नाव यादीत चढेल.

"पण इथे अडचण आहे," अरुंधतीबाई म्हणाल्या आणि कृष्णकांतच्या प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवलं. "जिवाला गंभीर धोका. हे फाइलला असेपर्यंत त्यांना तिकडे पाठवण्याची जोखीम कोणी घेणार नाही. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी मागे घ्यायला हवं. आणि मयताच्या घरच्यांचाही जबाब लागेल."

संध्याकाळी हिमानीने हे कृष्णकांतला सांगितलं. त्याने प्रतिज्ञापत्राची प्रत काढून पुन्हा वाचली. भाऊ वर्षभर जास्तीचा बसला, याचा तो विचार करत असेल असं तिला वाटलं. तसं नव्हतं.

"शपथेवर लिहिलंय मी ते," तो म्हणाला.

"खोटं होतं ना पण?"

"खोटं कसं? ठरावीक कारण होतं. सगळेच लिहितात."

"मग आता धोका नाही असं लिहून द्या."

"म्हणजे तेव्हा होता का, असा प्रश्न येतो. खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहे, हिमानी. तुला कायदा ठाऊक नाही."

"होऊ द्या शिक्षा, दादा. नागपुरातच होईल. दोन रजा मिळतील."

तो त्या रात्री तिच्या घरी जेवला नाही.

पण मंडळात बाबारावची बातमी पोचली होती. कोणीतरी विचारलंच, "बदलीचं काय झालं?" मग कृष्णकांतने मसुदे करायला घेतले. पाच केले. पाचव्यात असं होतं की तत्कालीन परिस्थितीत प्राप्त माहितीच्या आधारे व्यक्त केलेली भीती कालौघात संपुष्टात आली आहे. ती कोणी व्यक्त केली होती, हे त्या वाक्यात शोधून सापडत नव्हतं. अरुंधतीबाई म्हणाल्या, चालेल. आता मयताच्या घरच्यांचा जबाब आणा.

ऑक्टोबरमध्ये हिमानी आणि कृष्णकांत सौंसरजवळच्या त्या गावी गेले. धोंडबाची बायको मनकर्णा अंगणात संत्री निवडत बसली होती. मोठी एका टोपलीत, बारकी दुसरीत. ती साठीची असेल. तिने दोघांना ओळखलं. पाणी दिलं आणि पुन्हा निवडायला बसली.

हिमानीने आडपडदा न ठेवता सांगितलं. "काकू, आमच्या फाइलमध्ये लिहिलंय की तुमच्या लोकांकडून यांच्या जिवाला धोका आहे. तसं नाही, एवढं तुम्ही लिहून द्यायचंय. दिलं तर ते सुटण्याचा मार्ग मोकळा होईल. नाही दिलं तरी तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

मनकर्णाचा हात थांबला. "आमच्या लोकायचा? कोणत्या?"

"तसं नाव नाही."

"वाचून दाखवा मले."

प्रत कृष्णकांतच्या पिशवीत होती. त्याने घसा साफ करून वाचली. गंभीर धोका, संघटित कट, मयताचे नातेवाईक. आवाज चांगला होता त्याचा. मंडळात इतिवृत्त तोच वाचत असे.

"माह्या घरात मी होती, आंधळी सासू होती, आन पोरगं सातवीत होतं," मनकर्णा म्हणाली. "त्या तिघायनं जेलात जाऊन कट केला, म्हन्ता?"

"ही एक कार्यालयीन भाषा असते," कृष्णकांत म्हणाला.

"नवरा माहा मेला आन धोका बी मीच. वा गा वा!"

हिमानीने मान खाली घातली. कृष्णकांतने नाही. त्याने टाइप करून आणलेला जबाब पुढे केला. "यावर फक्त सही करायची. गैरसमजातून असा उल्लेख झाला असावा, असं सौम्य लिहिलंय."

"माही सही पाहिजे तर माहं बोलनं लिवा. आमी कोणाले धमकी देली नाही. या मानसानं खोटं लिवलं."

"'खोटं' हा शब्द टाळू या. 'वस्तुस्थितीशी विसंगत' म्हणता येईल."

"खोटं."

कृष्णकांतने पेन उघडलं, कोऱ्या कागदावर तारीख घातली, आणि तो थांबला. अंगणात तिघंच होती, पाहायला चौथं कोणी नव्हतं. भावाचं तुरुंगातलं सोळावं वर्ष चालू होतं. कृष्णकांतने पेनाला टोपण लावलं. "मी घरी व्यवस्थित मसुदा करतो. पुढच्या आठवड्यात घेऊन येऊ."

हिमानीने त्याच्या मांडीवरचा कागद घेतला, स्वतःचं पेन काढलं आणि लिहायला लागली. जबाब पाच ओळींचा झाला. कृष्णकांतचं पूर्ण नाव त्यात आलं, आणि खोटं हा शब्दही. तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. कृष्णकांत म्हणाला की हा कागद उद्या त्याच्यावरच उलटू शकतो.

मनकर्णाने कागद हातात घेतला, पण सही केली नाही.

"सुटल्यावर तो बागेत येईन काय?"

"नाही येणार," हिमानी म्हणाली.

"विहिरीवर?"

"नाही. आमचा हिस्सा विकून टाकू."

"तेही लिवा."

हिमानीने सहावी ओळ लिहिली: मुकुंद सुटल्यावर या गावी पाऊल ठेवणार नाही. खाली आधी स्वतःची सही केली. अशी अट दोन्ही राज्यांच्या नियमांत कुठेच नाही, असं कृष्णकांतने निदर्शनास आणून दिलं.

मनकर्णाने पदराला हात पुसले, कागद मांडीवर सरळ केला आणि एकेक अक्षर जुळवत आपलं नाव लिहिलं.