मिकानच्या बागेतली छर्‍याची बंदूक

दचकू नका, मी बंदूक बोलतेय. नुसती बोलतेय. माझ्या पोटात आत्ता ना हवा आहे ना छर्रा, आणि मी उभी आहे ती दोन कुलपांच्या आड. तोक्योशेजारच्या ग्योतोकुमध्ये एका चौथ्या मजल्यावरच्या घरात, भिंतीला ठोकून बसवलेल्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. मराठी मी इथेच शिकले. कपाटाच्या पलीकडे स्वयंपाकघर आहे, आणि घरची वृंदा पोळ्या लाटताना पुण्याला आईशी फोनवर बोलत असते. तासभर ऐकलं की दगडालासुद्धा मराठी येईल, मी तर बोलूनचालून बंदूक.

माझा जन्म मात्र जपानमधल्याच एका कारखान्यातला. मी काही डुकरं-हरणं मारणारी बडी बंदूक नाही. दांडा चार-पाच वेळा ओढून हवा भरायची, साडेपाच मिलिमीटरचा छर्रा घालायचा, झालं. आवाज म्हणाल तर जाड पुस्तक जमिनीवर पडल्याएवढा. माझं काम पाखरांचं.

माझे पहिले मालक इवासे-सान, म्हणजे आपल्याकडचे इवासेराव. तोक्योच्या खाडीपलीकडे बोसो नावाच्या भागात, टेकडीवर त्यांची मिकानची बाग. मिकान म्हणजे संत्र्याची धाकटी बहीण समजा. साल सैल, आत गोड, बिया जवळजवळ नाहीतच. थंडी पडली की तिथे राखाडी बुलबुलांचे थवे उतरतात. दिसायला गरीब, पण एक नंबरचे बिलंदर! एक फळ पुरं खातील तर शपथ. याला चोच मार, त्याला चोच मार, आणि सगळी फांदी नासवून पुढच्या झाडावर.

एकतीस हिवाळे आम्ही दोघांनी ती बाग राखली. इवासे-सान पाडलेलं पाखरू कधी टाकून देत नसत. निखाऱ्यावर भाजून खात, आणि खाण्याआधी हात जोडत. मला रोज पुसत, पण बोलत मात्र काही नसत. बायको गेल्यावर तर ते फारच गप्प झाले.

मग ते ऐंशीला टेकले, हात थरथरायला लागले. या देशात बंदुकीचा परवाना एका माणसाला एका ठरावीक बंदुकीचा मिळतो आणि दर तीन वर्षांनी मालकाच्या वाढदिवसाला संपतो. इवासे-साननी ठरवलं, आता पुन्हा अर्ज करायचा नाही. त्यांचा वाढदिवस डिसेंबरात. तोवर मला परवानेवाला नवा मालक मिळाला नाही, तर मी पोलिसात जमा होणार आणि माझे तुकडे होणार. बागेचंही तेच. त्यांच्या मुलाने सांगून टाकलं होतं, यंदाही फळं पाखरांनीच खाल्ली तर मार्चमध्ये झाडं तोडून तिथे सोलर पॅनेल बसवायचे. मुलगा वाईट नव्हता हो. पण रोज कामावर जाणाऱ्या माणसाने पाखरं कधी हाकलायची?

अशात आला चारुदत्त. वृंदाचा नवरा, पुण्याचा, आयटीवाला. ऑफिसच्या सहलीत एकदा मिकान तोडायला आला आणि मग दर शनिवारी यायला लागला. आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळ्यांचं भरीत होतं म्हणे. इवासे-साननी त्याला विचारलं, "बंदूक घ्याल का?" कुठली ते न विचारताच तो आनंदाने हो म्हणाला, आणि घरी जाऊन पुण्याचा इंजिनियर जे करेल तेच त्याने केलं. एक्सेल उघडलं.

बंदुकांच्या दुकानात इवासे-सान मलाही घेऊन गेले होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलंय. चारुदत्तने काउंटरवर लॅपटॉप ठेवला. अठरा ओळी, अकरा रकाने. वजन, आवाज, पल्ला, नेमाची खात्री, आणि प्रत्येकाला वेटेज. सगळ्या अठराच्या अठरा बावीस बोअरच्या, हवेच्या नाही तर काडतुसाच्या छोट्या रायफली. परदेशातले शेतकरी ससे-उंदीर आवरायला त्या वापरतात, म्हणून तिकडच्या वेबसाइट वाचून या पठ्ठ्याने महिनाभर अभ्यास केला होता. मी त्यात कुठेच नव्हते. एकोणिसाव्या ओळीतसुद्धा नाही! असा राग आला होता मला.

दुकानदाराने चष्मा लावला. अठरा ओळी शेवटपर्यंत वाचल्या. दोनदा मान डोलावली. म्हणाला, "फारच सुंदर तक्ता आहे." मग चष्मा काढून हळूच म्हणाला, "फक्त यातली एकही आपल्याकडे पाखरांसाठी चालत नाही. या रायफली इथे स्पर्धेत कागदावर नेम धरायलाच मिळतात."

"मग आधीच सांगायचं ना राव!" चारुदत्त पुटपुटला. ते मराठीत होतं, म्हणून तेव्हा मला कळलं नव्हतं, आता कळतं.

दुकानदाराने माझ्याकडे बोट केलं. "तुमची झाडं किती लांब?"

"पंचवीस मीटर. फार तर तीस."

"बागेत माणसं येतात-जातात. मग लांब जाणारी गोळी हवी कशाला? ही बघा. जुनी आहे, पण हिची निगा राखलीय."

चारुदत्तने माझ्या झिजलेल्या दस्त्याकडे बघितलं, मग इवासे-सानकडे. "पण एकतीस वर्षांची आहे ना ही?" त्याने विचारलं.

"ती अंतरं हिला पाठ आहेत," इवासे-सान म्हणाले. एका दमात एवढं बोललेलं मी त्यांना क्वचितच ऐकलं होतं. चारुदत्तने लॅपटॉप मिटला.

मग सुरू झाला परवान्याचा प्रवास. जपानी भाषेतल्या परीक्षा, डॉक्टरचा दाखला, आणि शेवटी पोलीस घरच्यांची चौकशी करतात ती. साहेब ग्योतोकुच्या घरी आले, वृंदासमोर बसले. पुढचं मला नंतर कळलं, कारण आल्यागेल्या प्रत्येकाला ती हे सांगते.

साहेबांनी विचारलं, "नवरा-बायकोत भांडणं होतात का?"

आपल्याकडे याचं उत्तर काय देतात? वृंदा हसून म्हणाली, "होतात की, रोज!"

"कशावरून?"

"सध्या तुमच्या त्या बंदुकीवरून!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. अर्ज अडकला.

"अगं, असं सांगतात का पोलिसांना?" चारुदत्तने डोक्याला हात लावला.

"मग काय खोटं बोलू? नकोच आहे मला ती घरात. पाखरं मारायची आपण? तुझ्या आईंना काय सांगणार आहेस?"

नोव्हेंबर उजाडला. बुलबुल आले. मी इवासे-सानच्या घरी कपाटात होते. बाहेर त्यांचा कलकलाट ऐकू यायचा, आणि कपाट काही उघडायचं नाही. ते गुडघ्यांनी बेजार होते. टेकडी चढवत नव्हती. खरं सांगते, मला माझ्या तुकड्यांपेक्षा त्या झाडांची भीती जास्त वाटली.

एका रविवारी ते ट्रेन बदलत बदलत ग्योतोकुला गेले. पिशवीत पाखरांनी टोचलेले मिकान. वृंदाने चहा ठेवला. त्यांनी विनवणी वगैरे काही केली नाही. सुरी मागितली, एकेक फळ सोललं, नासका भाग कापून काढला आणि चांगल्या फोडी तिच्यासमोर बशीत ठेवल्या. बशी अर्धीही भरली नाही. म्हणाले, "ही झाडं मी आणि बायकोने लग्नाच्या वर्षी लावली. पाखरं मारायला मलाही आवडत नव्हतं. पण झाडं तोडलेली मला बघवणार नाहीत."

वृंदा कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, अर्धवेळ काम करते. जपानी तिला चांगलं कळतं. तिने बशीतली प्रत्येक फोड खाल्ली. दुसऱ्या दिवशी साहेबांना तिने आपणहून फोन केला. "भांडतो आम्ही, ते खरं. पण बंदुकीला माझी हरकत नाही. त्या बागेतली फळं एकदा खाऊन बघा, मग कळेल."

साहेबांनी फळं काही घेतली नाहीत, नियमात बसत नव्हतं. पण ते खालच्या मजल्यावरच्या एंदोबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "वरून भांडणाचा आवाज येतो खरा. पण लगेच हसण्याचाही येतो. आवाज यायचा बंद झाला, तर मीच तुम्हाला कळवीन."

इवासे-सानच्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी चारुदत्तचा परवाना आला.

दुकानात कागद झाले, शिक्के झाले. इवासे-सानना परतीची ट्रेन गाठायची होती. त्यांनी मला केसमध्ये ठेवलं, चेन ओढली, सही केली आणि वाकून नमस्कार करून निघून गेले. सगळेच खुशीत होते. मीसुद्धा.

पुढच्या शनिवारी बागेत थंडी कडक होती. मुलाने इवासे-सानना गाडीतून वरपर्यंत आणलं होतं. चारुदत्तने दांडा ओढला, पण उलट्या हाताने, आणि तो मध्येच अडकला. इवासे-सानचा हात आपसूक पुढे आला. एकतीस वर्षांची सवय! बोटं माझ्या दस्त्यापासून वीतभर अंतरावर आली, आणि चारुदत्त एक पाऊल मागे सरकला.

"इवासे-सान, माफ करा. आता नाही चालणार."

परवाना आता त्याच्या नावाचा होता. दुसऱ्या कुणी मला हात लावायचा नाही, असा कायदा. म्हाताऱ्याने हात मागे घेतला, कोटाच्या खिशात खोल घातला. "बरोबर केलंत," ते म्हणाले. "अंगठा खाली घ्या. हं, असा. आता सावकाश ओढा."

चारुदत्तचा पहिला छर्रा चुकला, दुसराही. तिसऱ्याला एक पाखरू पडलं आणि थवा उठून दरीपलीकडे गेला. पाखरू उचलताना चारुदत्तचे डोळे भरले. संध्याकाळी त्याने ते निखाऱ्यावर भाजलं, हात जोडले आणि खाल्लं. त्या हिवाळ्यात अर्ध्याहून जास्त फळं वाचली. मुलाने झाडांना आणखी एक वर्ष दिलं. एकच वर्ष, पण दिलं.

आता मी इथे सुखात आहे. वृंदा कपाटावरून फडकं फिरवते, कधी कधी मला ऐकवून नवऱ्याशी भांडतेसुद्धा. एक गाऱ्हाणं आहे, पण ते स्वतःसाठी नाही. तुमच्याकडे कुणी म्हातारं माणूस आपली जपलेली वस्तू सोपवायला आलं, तर सह्यांची घाई करू नका हो. आधी ती वस्तू शेवटचं एकदा त्यांच्या हातात द्या आणि थोडा वेळ गप्प बसा. त्या दिवशी दुकानात हे कुणालाच सुचलं नाही, आणि आता इवासे-सान मला फक्त लांबून बघतात.