मॅलकी गॉर्मलीचा पुरावा

आमच्या गावाला गाणी हवी होती, माणसं नको होती, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

चर्चच्या हॉलमागे एक ओलसर खोली आहे. तिथे मी आमच्या भागातल्या जुन्या चोरट्या रेडिओंच्या कॅसेट गोळा करतो. सरकारी रेडिओला आमच्या गावचं नाव ठाऊक नव्हतं, तेव्हा ज्याला थोडंफार तारांतलं कळे तो गोठ्यावर अँटेना उभारायचा आणि स्टेशन सुरू करायचा. परवाना कुणाकडेच नव्हता. अठ्ठ्याऐंशीच्या अखेरीला कायदा आला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. स्टेशनवाल्यांनी स्वतः काहीच जपलं नाही. कॅसेट महाग, म्हणून एकीवरच पुन्हापुन्हा रेकॉर्ड करत.

उरलं ते लोकांनी घरी रेकॉर्ड केलेलं. आणि घरी काय, तर जो तो बटणावर बोट ठेवून बसलेला. निवेदकाने तोंड उघडलं की बंद, गाणं लागलं की सुरू. हे काम आमच्या लोकांनी इतक्या निष्ठेने केलं की शेतीत केलं असतं तर गाव श्रीमंत झालं असतं. आता माझं कपाट गाण्यांनी भरलंय. ती गाणी आज कुठेही मिळतात. मला हवे होते ते आवाज, आणि नेमके तेच गाळलेले.

म्हणून सोर्का टिअर्नी आली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. ती जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स आहे. भरभर बोलते, भरभर चालते. तिची आई इमेल्डा केस्ट्रल नावाच्या अशाच एका चोरट्या स्टेशनवर सकाळ-संध्याकाळ बोलायची. सोर्का दीड वर्षाची असताना इमेल्डा मेंदूत रक्तस्राव होऊन गेली.

"मला तिचा आवाज ऐकायचाय," सोर्का म्हणाली. "फोटो आहेत. पण ती बोलायची कशी, ते मला माहीत नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, चांगला होता."

"एवढंच?"

"एवढंच. अख्ख्या जन्मात."

आम्ही शनिवारमागून शनिवार केस्ट्रलच्या कॅसेट ऐकल्या. एका गाण्याच्या शेवटी बटण दाबायला कुणाला तरी उशीर झाला होता. एका बाईने "आणि" म्हणायला घेतलं आणि खट्. सोर्काने ते कितीतरी वेळा ऐकलं. मग म्हणाली, "हा 'आ' आईचाच असेल ना हो, फिन्टन?" मला खोटं बोलता आलं नाही. तिथे आणखी दोघी बोलायच्या. तिने कोट चढवला.

मग मी फादरना गळ घातली. रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी वाचून दाखवलं, की मध्येच कुणी बडबडल्यामुळे नासलेल्या कॅसेट असतील तर फेकू नका, फिन्टनला द्या. लोक हसले. पण दुपारी मॅलकी गॉर्मलींचा फोन आला. मॅलकी म्हणजे टेकडीवरचा म्हातारा ब्रह्मचारी. रुसला की तीस-चाळीस वर्षं सहज रुसतो.

"माझ्याकडे आहे केस्ट्रलची एक," ते म्हणाले. "पण गाणंबिणं नाही त्यात. पुरावा आहे तो."

"कसला पुरावा?"

"ये, मग सांगतो. आणि येताना हॅम आणू नकोस."

मी सोर्काला घेऊन गेलो. मॅलकींनी चहा ओतला, मनुकांच्या ब्रेडला बोटभर लोणी फासलं आणि तिच्याकडे न बघताच सुरू झाले.

"माझी आई गेली सोमवारी. इस्पितळातून घरी यायची होती बुधवारी. मी मंगळवारी बनियनवर उभा, बैठकीची खोली रंगवतोय. माणसं शेवटचं बघायला येणार, तर भिंती नकोत पांढऱ्या? आणि संध्याकाळी पाच वाजता बघतो तर दारात अख्खी पंचक्रोशी! काळे कोट घालून! त्या रेडिओवरच्या बाईने सकाळीच सांगून टाकलेलं, देह आज पाचपासून घरी ठेवणार."

मला हसू आवरेना. आमच्याकडे रेडिओवर मयताची बातमी आली की माणूस हातातलं काम टाकून निघतो. घरी मयतच नाही, अशी शंका कुणाला येणार?

"हसू नकोस, फिन्टन! लोक खोल्याखोल्यांतून आईला शोधत होते. निम्म्यांच्या कोटांना ओला रंग. शवपेटीच नाही तर प्रार्थनेला गुडघे टेकणार कुठे, मग बसले, आणि बसले की खायला हवं. दुसऱ्या दिवसासाठी उकडून ठेवलेलं डुकराचं सगळं हॅम फस्त! सहा वाजता तीच बाई पुन्हा तेच वाचायला लागली. म्हटलं, थांब. दाबलं बटण. वकिलाला दाखवायला पुरावा नको? आणि टेप तसाच चालू ठेवून सायकलवरून चौकातल्या फोनवर गेलो. असं झाडलं तिला! बावळट म्हटलं, मेलेल्यांची थट्टा करतेस म्हटलं. वर फोन आपटला. तिला चकार शब्द बोलू दिला नाही."

"वकील काय म्हणाला?" मी विचारलं.

"वकीलही त्याच दिवशी हॅम खाऊन गेला होता."

सोर्काने कप खाली ठेवला. "मॅलकी, ती बाई माझी आई होती."

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. "इमेल्डाची पोर तू?" ते ब्रेडचे तुकडे बोटाने गोळा करू लागले. मग उठले, कपाटातून टेपरेकॉर्डर काढला आणि म्हणाले, "बातमीच्या पुढचं मीही कधी ऐकलं नाही. रागच इतका होता."

आधी खरखर. खोलीतल्या माणसांची कुजबुज, कपबशांचे आवाज. मग, थोडा घोगरा आणि विलक्षण घाईतला, एका बाईचा आवाज. गॉर्मलीबाईंचं निधन, देह आज पाचपासून राहत्या घरी. हा आवाज मी कुठेही ओळखला असता, कारण तो रोज इस्पितळाच्या वॉर्डात ऐकू येतो. सोर्काला मात्र ते कुणीतरी सांगायला हवं होतं.

"तुझाच," मी म्हणालो. "तू अशीच बोलतेस."

एकामागून एक गाणी लागली. मॅलकींनी बटणाकडे हात नेला, मी तो धरला. गाणी संपली.

"ऐका हं सगळ्यांनी," इमेल्डा म्हणाली. "आत्ता मॅलकी गॉर्मलींचा फोन होता. मला बावळट म्हणाले आणि ते खरंय. त्यांच्या आई उद्या घरी येतायत, आज नाही. बाळाला दात येतायत, रात्रभर डोळा लागला नाही, पण ती काही सबब नव्हे. मॅलकी, मला माफ करा. मनापासून सांगते. आणि आज जे जे जेवून आलात ते उद्या पुन्हा जा, आणि हात हलवत जाऊ नका! भरलेलं ताट घेऊन जा. त्या माणसाच्या घरात तुम्ही काही ठेवलं नसणार."

"बुधवारी ताटंच ताटं आली," मॅलकी पुटपुटले. "मला वाटलं, लोकांना लाज वाटली असेल. तिने सांगितलं होतं होय?" त्यांनी बाहीने नाक पुसलं. "आणि मी तिला रस्त्यात भेटलो तरी तोंड फिरवायचो."

कॅसेट चालूच होती. इमेल्डा हवामान सांगू लागली, उद्या पश्चिमेकडून वारा. मागे काहीतरी खुडबुडत होतं.

"उद्या दुपारनंतर सरी... अगं ए! सोर्का! सोड ती वायर! सोड म्हणते ना, कार्टे, आत्ता सगळं स्टेशन बंद..."

खट्. पुढे नुसती खरखर.

पहिले हसले ते मॅलकी. "म्हणजे केस्ट्रल बंद पाडलंस ते तू! सरकारच्याही आधी!"

सोर्काचे डोळे गळत होते आणि चेहरा असा उजळला होता की मला तिच्याकडे बघतच राहावंसं वाटलं. तिने टेबलावरून वाकून माझा हात घट्ट धरला.

"ओरडली मला," ती म्हणाली. "फिन्टन, ऐकलंत ना? माझी आई मला ओरडली!"