लाल दिवा विझेपर्यंत

खटखटखट! कॅमेऱ्याच्या आवाजाने दुपारची शांतता मोडली. सोफ्याला धरून उभ्या असलेल्या बाळाने हात सोडला होता. ही पहिली पावलं मला कामावर गेलेल्या त्याच्या बाबाला दाखवायची होती. कॅमेऱ्याचं वेगवान मेमरी कार्ड तोच घेऊन गेलेला, म्हणून मी जुनंच घातलेलं. सात-आठ फोटोंतच कॅमेरा अडला. लाल दिवा लुकलुकत राहिला, कार्ड गोगलगायीसारखं फोटो साठवत बसलं, आणि बाळ उन्हाच्या पट्ट्यातून तरंगल्यासारखं चालत माझ्या मांडीत येऊन पडलं.

दिवा विझला. थोरलीने फोटो पाहायला मान खुपसली.

"अगं आई, यात तर हा अजून सोफ्यापाशीच आहे!"

"कार्ड हळू आहे गं, राणी. मागेच राहिलं."

"मग तो चालला, ते कुठे गेलं?"