मेहताब सरांचा तास

मेहताब सरांनी मोबाईलवर बोट ठेवून व्हिडिओ थांबवला आणि चष्मा काढून शर्टाला पुसला. चष्म्याला काहीच झालेलं नव्हतं.

"पुन्हा सुरुवातीपासून लावू का?" वृषालीने विचारलं.

"कशाला? दिसलं की."

जिल्ह्यातल्या आयटीआयमधले फिटर आणि वेल्डिंग शिकवणारे वीस निदेशक पाच दिवसांसाठी नगरला आले होते. वाचण्या-बघण्याचा भाग मुलांनी घरी मोबाईलवर उरकायचा आणि कार्यशाळेतला सगळा वेळ हातकामाला द्यायचा, अशी नवी पद्धत वृषाली त्यांना शिकवत होती. त्यासाठी आधी प्रत्येकाने आपल्याच एका तासाचं चित्रण आणायचं होतं. मेहताब सरांची नोकरी अठ्ठावीस वर्षांची. त्यांनी ते हौसेने केलं होतं, चित्रणाच्या दिवशी दाढीसुद्धा रंगवली होती.

व्हिडिओत तमन्ना नावाची मुलगी लोखंडी ठोकळा कानशीने घासत होती. तिचा हात जरा तिरका गेला की सर "आन इकडं" म्हणत कानस घ्यायचे आणि झरझर घासून बाजू सरळ करून द्यायचे. मग हनुमंतची पाळी, मग त्याच्या शेजारच्याची. दहा मिनिटांत कानस बहुतेक वेळ सरांच्याच हातात होती. मुलं मात्र मोठी गुणी, हात मागे बांधून बघत उभी.

"मला वाटायचं, मी दाखवतोय," सर म्हणाले.

वृषाली त्यांचीच विद्यार्थिनी, त्यांच्या हाताखाली फिटर झालेली पहिली मुलगी. तिचा परीक्षेतला ठोकळा इतका चोख होता की सरांनी तो आपल्या कपाटात ठेवला होता, नव्या बॅचला दाखवायला. पुढे एमआयडीसीतल्या एका कंपनीने मुलगी म्हणून तिला घेतलं नाही. तेव्हापासून सरांनी त्या कंपनीचं नाव टाकलं होतं.

"तुझ्या हातातून तर न्हाई ना घेतली कधी कानस?" त्यांनी हसत विचारलं. तिने नाही म्हणावं, असं त्यांना फार वाटत होतं.

वृषाली चार्जरची वायर गुंडाळत राहिली.

"खरं सांग, वृषाली."

"परीक्षेचा ठोकळासुद्धा निम्मा तुम्हीच घासलेला, सर. 'दोन हात मारून देतो' म्हणालात."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"त्या कंपनीत मला ठोकळा दिला, कानस दिली, तासभर वेळ दिला. माझी एक बाजूही सरळ होईना. त्यांनी मुलगी-बिलगी काही काढलं नव्हतं, उलट चहा पाजला. ते मी तुम्हाला खोटंच सांगितलं."

"का गं?"

"मी पास झाले तेव्हा तुम्ही सगळ्या आयटीआयत पेढे वाटले होते."

सर खुर्चीत बसले. तिचा राग यायला हवा होता, पण तो काही येईना. नुसतं वाईट वाटत होतं, आणि ते कुणावर ढकलताही येत नव्हतं.

"दरसाल पोरं यायची त्या कंपनीसाठी शिफारशीची चिठ्ठी मागायला," ते हळू आवाजात म्हणाले. "लई चांगली पोरं. एकालाबी दिली न्हाई मी. नऊ वर्षं. तुझ्यापायी."

"मला माहीत होतं," वृषाली म्हणाली.