राइलीच्या मापाचा सूट

"भाड्याने घ्या की मावशी," मेर्वी म्हणाली, आणि राइलीचा पारा तिथल्या तिथे चढला.

राइली तेव्हा मेर्वीच्या दुकानातल्या आरशासमोर लाल सूट घालून उभी होती. बर्फ फुटून माणूस तळ्यात पडलं तर त्याला वर धरून ठेवणारा, आतून फोमचा, मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध असा तो तरंगता सूट. तिच्या मापाचा एकच होता आणि तो बरोबर बसला होता. त्र्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तयार कपडा असा एका झटक्यात अंगाला बसल्याचं तिला आठवत नव्हतं. एरवी बाह्या दुमडा, पाय कापा, हेच चालायचं.

"भाड्याने का?" तिने विचारलं.

"मासेमारी मंडळाकडे तीन आहेत ना. दिवसाला बारा युरो. हा साडेतीनशेचा. उगीच एका मोसमासाठी..."

"एका मोसमासाठी? कोण म्हणालं एका मोसमासाठी?"

मेर्वी गळांच्या डब्या नीट लावू लागली. त्या आधीच नीट होत्या.

"मेर्वी, किम्मोने तुला फोन केला होता?"

"आता त्याला काळजी वाटते, मावशी. मुलगाच तो."

"अस्सं! म्हणजे मी काय घालायचं ते माझा मुलगा तिकडे कुओपिओ शहरात बसून ठरवणार, आणि तू आपलं गिऱ्हाईक हाकलणार! शाबास! अगं, असा धंदा केलास तर दुकानाला कुलूप लागेल." राइलीने सूट उतरवला, घडी केली आणि काउंटरवर ठेवला. "रविवारपर्यंत बाजूला ठेव. दुसऱ्या कुणाला दिलास तर बघ."

दुसऱ्या कुणाला देणार म्हणा! एवढ्या लहान मापाचं गावात दुसरं कुणी नव्हतंच.

आता हे सूटाचं प्रकरण निघालं कुठून? तर गेल्या एप्रिलमध्ये राइली पाण्यात पडली होती. तळ्याची सामुद्रधुनीसारखी चिंचोळी जागा आहे, तिथे खालून प्रवाह वाहतो आणि बर्फ वरून पांढरा दिसला तरी आतून कुजलेला असतो. हे तिला पाठ होतं. पण त्या दिवशी गळाला पर्च मासे असे लागत होते की पट्टेरी पाठींचा ढीग झाला, आणि ती गळ सोडायला बर्फात एकेक भोक पाडत पुढे गेली. गिरमिट तीन फेऱ्यांतच आरपार गेलं, तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. नाही फिरली. हाव नडली, दुसरं काय! बर्फ खचला आणि ती गळ्यापर्यंत आत गेली. गळ्यातल्या दोरीला दोन टोचे होते, लाकडी मुठीचे. ते दोन्ही हातांत धरून तिने बर्फात खुपसले, स्वतःला पोटावर ओढून काढलं, लोळत लोळत घट्ट बर्फावर आली, घरी गेली, कपडे बदलले आणि कॉफी टाकली. एवढंच.

कुणाला सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण तिने ते हिल्काला सांगितलं, आणि हिल्काला सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. हिल्का शेजारची, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, जिवाला जीव देणारी, पण तोंडाला झाकण नाही. नाताळच्या जेवणात तिने ते किम्मोसमोर सांगून टाकलं, तेही कौतुकाने!

झालं. त्या दिवसापासून किम्मोने धोशा लावला. कुओपिओत त्याच्या इमारतीशेजारच्या इमारतीत एक खोली मे महिन्यात रिकामी होणार होती. सहावा मजला, लिफ्ट, खाली दवाखाना. खिडकीतून तळं दिसतं म्हणे. "दिसतं" म्हणे! तळं काय बघायला असतं?

शनिवारी दुपारी किम्मो आला. राइलीने कालाकुक्को भाजला होता. राय नावाच्या धान्याच्या जाड पोळीच्या पोटात पर्च आणि डुकराची चरबी भरून सात तास भट्टीत ठेवलेला. किम्मोने दोन तुकडे खाल्ले, बोटं चाटली आणि बॅगेतून कागद काढून लोण्याच्या ताटलीशेजारी ठेवले.

"आई, फक्त सही. खोली अडवून ठेवलीय त्यांनी आपल्यासाठी."

"आपल्यासाठी? तूही येतोयस राहायला?"

"आई!"

"आणि मेर्वीला फोन कशाला केलास?"

किम्मो पन्नाशीचा, डोक्यावर टक्कल, ऑफिसात चाळीस माणसं हाताखाली. पण आईसमोर त्याचे कान अजूनही लाल व्हायचे. "तू सूट घेतेयस याचा मला आनंदच आहे. पण विकत कशाला? एकच तर मोसम आहे. मग तो पडून राहणार. मागच्या उन्हाळ्यात आपण माळा रिकामा केला तेव्हा बाबांचं किती सामान निघालं, आठवतंय ना? ते सगळं मलाच न्यावं लागलं. आता नवीन वस्तू घरात आणून..."

तो थांबला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

राइलीच्या काळजात ते सुरीसारखं गेलं. म्हणजे हा तिच्या मागे काय काय उचलावं लागेल याचा हिशेब आत्ताच करत होता! ती जिवंत समोर बसलेली, तिच्या हातचं खातोय, आणि हिशेब तिच्या मागचा! तिला रडूही आलं आणि त्याच्या टकलावर पळी मारावी असंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. तिने कॉफी ओतली.

"किम्मो, मी रोज सकाळी काय करते?"

"बर्फातल्या भोकात पोहतेस."

"किती वर्षं?"

"तिथे शिडी आहे, आई. कठडा आहे. तळ्याच्या मधोमध शिडी नसते."

"तेच तर! म्हणून तर सूट घेतेय. मी काय खुळी आहे?" राइलीने कागद स्वतःकडे ओढले. "ऐक. उद्या धक्क्यावर मंडळाचा सूट-दिवस आहे, सूट घालून पाण्यात उतरून बघायचा. मी तुझा भाड्याचा सूट घालून पाण्यात उडी मारते. त्यात माझी मी बाहेर आले, तर तो भाड्याने घेते, एकच मोसम, आणि मे महिन्यात तुझ्या सहाव्या मजल्यावर येते. मुकाट्याने. नाही आले, तर हे कागद चुलीत. आणि पुन्हा त्या खोलीचं नाव काढायचं नाही."

"आणि नीट तरंगलीस तर?"

"तरंगणं नाही म्हटलं मी. बाहेर येणं म्हटलं."

किम्मोने विचार केला. मंडळाचे सूट चांगले होते, सगळं गाव ते वापरत होतं. त्याने हात पुढे केला आणि दोघांनी हात मिळवले. तो सोफ्यावर पेपर वाचत बसला आणि राइली ताटल्या घासू लागली. काय बोलून बसलो आपण! ते सूट तिने कधी घालून पाहिले नव्हते. चांगला निघाला तर घर गेलं, धक्का गेला, सकाळचं पोहणं गेलं. पण शब्द दिला होता, आणि दिला तो दिला.

रविवारी धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं. ओस्मोने सकाळीच करवतीने बर्फ कापून खाटेएवढं चौकोनी भोक तयार केलं होतं. हा ओस्मो मंडळाचा सचिव. ओसरीच्या खांबाएवढा उंच, आणि स्वतःचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याचं न ऐकणारा. शेकोटीवर सॉसेज भाजत होते. मेर्वीने टेबल मांडून दुकानातला माल लावला होता आणि तिच्या टेबलाखाली एक पिशवी होती, ती राइलीने येताक्षणी पाहून घेतली.

मंडळाचे तिन्ही सूट दोरीवर लटकत होते. तिन्ही अगडबंब. कारण खरेदीला ओस्मो गेला होता आणि त्याने ते स्वतःच्या अंगाला लावून घेतले होते. मासे काय बायका पकडत नाहीत? पकडतात. पण ते त्याच्या डोक्यात आलंच नाही, आणि पाच वर्षांत कुणी त्याला म्हटलंही नाही. बायका आपल्या बाह्या दुमडून गप्प बसल्या.

राइली सूटात शिरली. शिरली म्हणजे हरवलीच. हिल्काने बाह्या दुमडून दिल्या, कमरेला पट्टा आवळला आणि टोच्यांची दोरी गळ्यात घातली.

"अगं, तू आत आहेस ना?" हिल्का म्हणाली. "नाहीतर आम्ही रिकामा सूटच पाण्यात टाकायचो."

लोक हसले. राइलीही हसली. किम्मो हसला नाही. आणि राइलीने उडी मारली.

पाणी नेहमीसारखंच होतं, धारदार आणि ओळखीचं. सूटाने तिला वर उचललं खरं. पण सूट वर आला आणि राइली खालीच राहिली! खांदे कानांच्याही वर गेले, कॉलर नाकावर आली, दुमडलेल्या बाह्या पाण्याने उलगडल्या आणि हात आतल्या आत बुडून गेले. टोचे छातीवर हेलकावत होते. तिने एक धरायला पाहिलं, तर हातात नुसती बाही. दुसरा धरायला पाहिलं, पुन्हा बाही. गळपट्ट्यातून थंड पाणी पाठीवर ओघळलं. तिने कोपरांनी काठ धरला, पण कोपर घसरलं. पुन्हा धरला, पुन्हा घसरलं. ती ढोंग करत नव्हती, आणि ते धक्क्यावर कुणालाही दिसत होतं. हसणं थांबलं.

"धर, धर!" ओस्मोने बांबू पुढे केला.

"बाजूला हो!" कॉलरच्या आतून राइली ओरडली. "मधे पडू नकोस!"

तिने अजून दोनदा प्रयत्न केला. मग किम्मोच पोटावर आडवा झाला आणि त्याने तिला बाहीसकट ओढून वर घेतलं. त्याचा चेहरा बर्फासारखा पांढरा पडला होता.

"तरंगली की पण!" ओस्मो म्हणाला. "बघा, अजिबात बुडली नाही. सूट बरोबर काम करतोय."

मग मात्र राइलीचा तोल सुटला.

"तरंगायला ओंडकाही तरंगतो, ओस्मो! मी तरंगून काय करू? कुणाची वाट बघू तिथे मधोमध? तुझी? तू दुपारपर्यंत झोपतोस. की ह्याची? हा दोन महिन्यांतून एका शनिवारी येतो!" तिचे दात कडकड वाजत होते, पण शब्द स्पष्ट होते. "मला माझ्या हातांनी बाहेर यायचंय, आणि हात बाहीत अडकलेत. पाच वर्षं हे इथे टांगलेत आणि गावातल्या बायका तुला भाडं देतायत. उद्या कुणी मेली तर म्हणशील, तरंगत होती बिचारी!"

ओस्मोने हातातला बांबू बर्फावर ठेवला. मागून दोन-तीन बायका बरं झालं म्हणाल्या, आणि ते मोठ्याने म्हणाल्या.

राइलीने ओला सूट ओढून काढला आणि बर्फावर टाकला. "मेर्वी, ती पिशवी आण."

"मावशी, आधी शेका तरी. निळ्या पडलात."

"आण म्हणतेय ना!"

"आई, बास," किम्मो म्हणाला. "मी हरलो. पाहिलं मी. पुन्हा नको उतरूस, हात जोडतो."

"तू हरलास. मी अजून जिंकले नाही."

हिल्काने तिला कोरडे कपडे चढवले, वरून लाल सूट घातला, चेन हनुवटीपर्यंत ओढली. मग राइलीने पुन्हा उडी मारली. या वेळी सूट आणि राइली एकत्रच वर आले. तिने पाय मागे लांबवले, टोचे हातांत घेतले, खट्, खट्, आणि पाण्यातून सरळ बर्फावर घसरत आली. लोळली, उठली, आणि पाणी झटकत उभी राहिली. हिल्काने शिट्टी मारली. कुणीतरी राइलीच्या हातात गरम सॉसेज दिला.

संध्याकाळी कागद चुलीत गेले. ते किम्मोने स्वतः टाकले, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण टाकून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आई, सूट आवडला नाही तर मेर्वी चौदा दिवसांत परत घेते. पुढेमागे मन बदललं तर..."

राइलीने खणातून कधीही न जाणाऱ्या काळ्या शाईचं पेन काढलं, सूट टेबलावर उताणा घातला आणि पाठीवर हातभर अक्षरांत लिहिलं: राइली. खाली घराचा फोन नंबर. मग पेनाला टोपण लावलं.

"आता घेते का परत विचार तिला."

किम्मोने ती अक्षरं वाचली आणि मग आईच्या हाताकडे पाहिलं. आईचा कागदासारखा हात, बर्फाने सोललेली बोटं. तो लहान असताना बाबा त्याला तळ्यावर न्यायचे, पण गळाला आमिष लावायला आईनेच शिकवलं होतं. किती वर्षांत तो तिच्याबरोबर बर्फावर गेला नव्हता, ते त्याला मोजूनही सांगता आलं नसतं.

"उद्या मी रजा टाकतो," तो म्हणाला. "मीही येतो तुझ्याबरोबर. चालेल?"

"चालेल की." राइली लगेच उठली. तिने उरलेला कालाकुक्को फडक्यात बांधला, थर्मास पुसून ठेवला, त्याच्यासाठी दुसरी गळकाठी खिळ्यावरून काढली.

"मग मलाही एक सूट लागेल. सकाळी मेर्वीकडून विकत घेऊ?"

राइलीने त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं. ओस्मोच्याच मापाचा होता तो.

"विकत कशाला?" ती म्हणाली. "तू भाड्याने घे. तू कुठे इथे राहतोस?"