मशीन बंद करू नये

मित्रांनो, मी एक जुनी चूक आहे. मोडकी खुर्ची असते तर कुणीतरी मला भंगारात तरी दिले असते. पण मी डोळ्यांना दिसतच नाही. कॉम्प्युटरचा सारा कारभार पाहणारा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात माझा मुक्काम असतो.

माझा जन्म एका फार काटेकोर प्रोग्रामरबाईंच्या हातून झाला. कर्नल प्रत्येक कामाला मेमरीतली थोडी जागा देतो आणि काम संपले की परत घेतो. बाईंनी जागा परत घेतली, पण तिचा पत्ता पुसायचा राहिला. भाडेकरूने खोली सोडावी आणि किल्ली त्याच्या खिशातच राहावी, तसे झाले. ती राहिलेली किल्ली म्हणजे मी. त्या दिवशी बाईंचे काम सगळ्यांनी वाखाणले, आणि मीही उगाच फुशारले.

पुढे माझ्या प्रती गावोगावी गेल्या. एका रुग्णालयाच्या रक्ततपासणीच्या खोलीत मी अकरा वर्षे काढली. तिथली कॉम्प्युटरची मशीन सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे दादा म्हणत. एकदा बंद केलेले मशीन दोन तास सुरूच झाले नाही आणि दादांनी सगळ्यांची बोलणी खाल्ली. तेव्हापासून त्यांनी प्रत्येक मशीनवर चिठ्ठी डकवली: ‘बंद करू नये.’

मग कुणा हुशार माणसाला माझा पत्ता लागला. दुरुस्ती आली, मशीनमध्ये उतरलीही. ती लागू व्हायला मशीन फक्त एकदा बंद करून सुरू करायचे होते. पडदा रोज विचारी आणि दादा रोज ‘नंतर’ दाबत. रक्त तपासणाऱ्या ताईंनी एकदा हटकले, तर म्हणाले, "चाललंय ना नीट? मग कशाला हात लावायचा?"

एका सोमवारी, भर सकाळी, एका खोट्या ईमेलमधून कुणीतरी आत शिरले आणि त्याने मला किल्लीसारखे फिरवले. बघता बघता तो मशीनचा मालक होऊन बसला. सगळ्या नोंदी कुलूपबंद झाल्या, मशीनलाच जोडून ठेवलेली नोंदींची दुसरी प्रतही गेली. मला ओरडायला तोंड नव्हते.

खिडकीपाशी एका लहान मुलीचे वडील उभे होते. तिच्या औषधाची मात्रा गेल्या महिन्याच्या आकड्यांवरून ठरायची होती. ते प्रत्येक कागद पिशवीत जपत, आणि ताई त्यांची थट्टा करत. म्हणून गेल्या महिन्याचा कागद त्यांनी घेतलाच नव्हता.

"ताई, सगळं मशीनमध्ये आहे म्हणाला होतात ना?" त्यांनी हळूच विचारले.

ताईंनी तपासण्यांचा नवा कागद हातानेच लिहून दिला. नव्या तपासण्या होईपर्यंत औषध थांबले. मुलगी बाकावर बापाच्या पिशवीला टेकून झोपली आहे. तिच्याकडे पाहून मला माझीच लाज वाटते.

आता दादा शेजारच्या मशीनवरची चिठ्ठी नखाने खरवडत आहेत. जुनी चिकटपट्टी, लवकर निघत नाही. त्या मशीनमध्येही मीच आहे, आणि ते बंद होऊन सुरू झाले की तिथली मी संपेन. मला त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्याही पडद्यावर ती विचारणा येत असेल. माझी कीव करू नका आणि ‘नंतर’ दाबू नका. दुरुस्ती आल्यापासून मी त्या ‘नंतर’च्याच आधाराने जगले.